वीस टन लायमध्ये पाणी किती?

पत्र : मी इचलकरंजीजवळ छोटं प्रोसेस हाऊस चालवतो. सुती कापडाचं ब्लीचिंग आणि थोडं डाईंग. गेल्या वर्षी वडिलांनी कामातून अंग काढून घेतलं. ते सगळं केमिकल कोल्हापूरच्या एका एजंटकडून ड्रम-कार्बोयमध्ये (कार्बोय म्हणजे मोठा कॅन) थोडं थोडं घ्यायचे. आता मला ऑनलाईन गुजरातच्या एका पार्टीचा कोट आलाय : कॉस्टिक लाय, २० टनांचा टँकर, टनाला १७,००० रुपये, पोहोच (म्हणजे भाडं धरून). अट एकच, शंभर टक्के पैसे आगाऊ. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, 'टँकर देतो, ४०,००० ड्राय, पोहोच.' हा ड्रायचा हिशेब मला नीट कळत नाही, पण १७ आणि ४० यांत फरक फारच मोठा वाटतो. दुसरी अडचण, माझी टाकी १५ हजार लिटरची आहे, त्यात २० टन कसे मावणार? आणि तिसरं : दिवाळीनंतर एका नव्या दुकानातून ग्लेशियल ॲसिटिक (म्हणजे बिनपाण्याचं ॲसिटिक ॲसिड) घेतलं. आमचे डाईंग मास्तर म्हणतात माल पातळ आहे, दुकानदाराने हायड्रोमीटर लावून दाखवला तर आकडा बरोबर. नऊ कार्बोय पडून आहेत. टँकरवाला शनिवारपर्यंत पैसे मागतोय. काय करू?

उत्तर :

शनिवारचं आधी. पैसे पाठवू नका. शनिवार गेला तरी लाय संपत नाही.

आता ड्रायचा हिशेब. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, म्हणजे तुम्हाला हा हिशेब माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावाने. गावातल्या दूध संस्थेत सकाळी कुणी किटली नेऊन ठेवली तर नुसत्या लिटरवर पैसे मिळतात का? फॅट लागते, एसएनएफ लागतो, मग दर पडतो. दहा लिटर पातळ दुधापेक्षा आठ लिटर म्हशीच्या दुधाचं बिल जास्त होतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. लायचंही तेच आहे. लाय म्हणजे पाण्यात विरघळलेला कॉस्टिक सोडा. कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात वजनाने साधारण ४७ ते ५० टक्के कॉस्टिक असतं, बाकी पाणी. 'ड्राय' म्हणजे त्यातलं पाणी वजा करून उरलेल्या निव्वळ कॉस्टिकचा भाव. टँकरमध्ये २० टन लाय ४८ टक्क्यांची असेल तर ड्राय माल ९.६ टन.

एजंटचा हिशेब मांडा : ९.६ गुणिले ४०,००० म्हणजे ३,८४,००० रुपये. टँकरच्या टनावर आणला तर १९,२०० पडतो. म्हणजे तुमची तुलना १७ आणि ४० ची नाहीच, १७,००० आणि १९,२०० ची आहे. तरी गुजरातवाला साडेअकरा टक्के स्वस्त दिसतो. दिसतो म्हणालो, कारण त्याच्या कोटमध्ये टक्का कुठे लिहिलाय? तुम्ही मला पाठवलेल्या कागदावर 'कॉस्टिक सोडा लाय, कमर्शियल, ॲज इज' (म्हणजे आहे तशी, पाण्यासकट) एवढंच आहे. समजा त्याची लाय ४२ टक्क्यांची निघाली. २० टनांत ड्राय माल ८.४ टन, तुम्ही मोजले ३,४०,०००, म्हणजे ड्राय टनाला ४०,४७६. एजंटपेक्षा पावणेपाचशे जास्त, वर जीएसटी. आणि दहेज-भरूचकडून तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्या पाण्याचं भाडं तुम्हीच भरलेलं असतं, 'पोहोच' म्हटलं की ते फक्त दिसत नाही.

तेव्हा त्या पार्टीला एकच निरोप पाठवा : भाव ड्राय बेसिसवर द्या, कमीत कमी ४७ टक्के, तुमच्या गेटवरच्या तपासणीप्रमाणे बिल. खरा व्यापारी अर्ध्या तासात आकडा देतो, कारण तो स्वतः कारखान्याकडून तसाच घेत असतो. जो म्हणेल 'साहेब, आमच्याकडे सगळे असंच घेतात', त्याचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला तरी चालेल.

तपासणी करायची कशी

मी एकतीस वर्षं खरेदी खात्यात काढली. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मी स्वतः हायड्रोमीटरवर भिस्त ठेवून होतो, म्हणून तुमच्या दुकानदाराला एकदम चोर म्हणणार नाही. हायड्रोमीटर वाईट नाही, पण तो फक्त द्रव किती जड आहे ते सांगतो. कशामुळे जड आहे ते सांगत नाही.

लायच्या बाबतीत तो बऱ्यापैकी उपयोगी पडतो. २० अंश तापमानाला ४८ टक्के लायची घनता १.५० च्या किंचित वर येते, तुमच्या मास्तरांच्या भाषेत शंभर-एकशे एक ट्वाडेल (हायड्रोमीटरवरचं घनतेचं माप). ४५ टक्क्यांना ती १.४८ च्या आसपास उतरते, म्हणजे ९६ ट्वाडेल. पण उन्हातून आलेला टँकर ४० अंशांवर असतो, तेव्हा चांगली लायसुद्धा दोन-तीन ट्वाडेलने हलकी दिसते. ड्रायव्हरशी उगाच भांडण. उलट, पातळ लायमध्ये मीठ किंवा सोडा ॲश असेल तर आकडा फसवा चढतो. म्हणून भाव ठरवायला टायट्रेशनच हवं, आणि ते अवघड अजिबात नाही.

मास्तरांना सांगा : दोन ग्रॅम लाय काट्यावर अचूक तोला, पन्नास मिलि डिस्टिल्ड पाण्यात घाला, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून (खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून) एक नॉर्मल, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं, हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडत गुलाबी रंग जाईपर्यंत थांबा. जितके मिलि लागले त्याची दुप्पट म्हणजे टक्के. चोवीस मिलि लागले, लाय ४८ टक्के. एकवीस लागले, ४२ टक्के. ब्युरेट, फ्लास्क आणि ग्रॅमचा निदान शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एवढ्यावर भागतं. हा सगळा संच एका टँकरच्या फरकात निघून येतो. फक्त ते एक नॉर्मल ॲसिड लॅबच्या दुकानातून प्रमाणित केलेलं घ्या. लाय विकणाऱ्याकडूनच ते फुकट मिळालं तर घेऊ नका (हसू नका, मी घेतलं होतं).

ॲसिटिकचं कोडं

तुमच्या तिन्ही प्रश्नांत मला हा सगळ्यात आवडला. मास्तरही बरोबर आहेत आणि हायड्रोमीटरही खोटं बोलत नाही.

बहुतेक द्रावणं जितकी तीव्र तितकी जड होत जातात. ॲसिटिक ॲसिड तसं वागत नाही. पाण्यात ॲसिटिक वाढवत नेलं की घनता वाढते, ७७-८० टक्क्यांच्या सुमाराला १.०७ पर्यंत पोहोचते, आणि तिथून पुढे परत उतरायला लागते. शुद्ध ग्लेशियलची घनता १.०५. आणि ४०-४२ टक्क्यांच्या द्रावणाची घनता? तीच, १.०५. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी घातलेलं ॲसिड काचेच्या नळीत ग्लेशियलसारखाच आकडा दाखवू शकतं. ज्याला हे माहीत आहे तो ग्राहकासमोर मोठ्या आत्मविश्वासाने हायड्रोमीटर काढतो. तुमच्या दुकानदाराला माहीत होतं की नाही, देव जाणे.

ॲसिटिकसाठी दोन परीक्षा आहेत. पहिली घरगुती. ग्लेशियल हे नावच त्याच्या गोठण्यावरून पडलंय : शुद्ध माल १६.६ अंशांना गोठतो. एक टक्का पाणी शिरलं की गोठणबिंदू १५ च्या खाली येतो, पाच टक्के शिरलं की दहाच्याही खाली. मोठ्या टेस्ट ट्यूबमध्ये थोडं ॲसिड घ्या, थर्मामीटर बुडवा, बर्फाच्या पाण्यात धरा आणि काचेच्या कांडीने आतून खरवडत राहा. खरवडणं महत्त्वाचं, कारण न हलवता ठेवलं तर चांगलं ॲसिडसुद्धा गोठणबिंदूच्या खाली जाऊन पातळच राहतं आणि मग एकदम घट्ट होतं. त्या क्षणी पारा जिथे चढून स्थिरावतो तो आकडा खरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी पडली आणि कार्बोय तळाशी दगडासारखा झाला, तर कामगार तक्रार करतील, तुम्ही मात्र खूश व्हा. पाच अंशांपर्यंत नेऊनही जे थिजत नाही ते ग्लेशियल नव्हे.

दुसरी परीक्षा पक्की. दीड ग्रॅम ॲसिड तोला, पाण्यात घाला, फिनॉल्फ्थॅलीन, आणि आता ब्युरेटमध्ये एक नॉर्मल कॉस्टिक. गुलाबी रंग टिकेपर्यंत. इथे लागलेल्या मिलिची चौपट म्हणजे टक्के. पंचवीस मिलि लागले तर माल शंभर नंबरी.

पाण्यापेक्षा महाग काय असतं

पाणी घातलेला माल म्हणजे सरळ चोरी, मोजता येते, बिलातून कापता येते. मला जास्त भीती लोखंडाची वाटते, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

तुमच्या ब्लीचिंगच्या बाथमध्ये लाय आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र जातात. पेरॉक्साईडला लोखंड, तांबं यांचा कणभरही स्पर्श चालत नाही. गंजाचा एक बारीक कण कापडावर बसला की त्याच्याभोवती पेरॉक्साईड भसाभसा फुटतं आणि धागा तिथल्या तिथे जळतो. बाहेरून काही दिसत नाही. कापड पांढरंशुभ्र निघतं, इस्त्री होतं, गाठीत जातं, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात कुणीतरी ते उजेडाकडे धरलं की टाचणीने टोचल्यासारखी भोकं. माझ्या नोकरीच्या काळात आमच्याकडे असं एकदा झालं. सतरा गाठी परत आल्या. लाय ४८ टक्के होती, वजन पूर्ण होतं, भावही चांगला मिळाला होता. टँकरवाल्याने आदल्या खेपेला काय भरलं होतं आणि आतून धुतला होता की नाही, हे मी विचारलं नव्हतं. मोबदल्यात जे मिळालं ते लायच्या किमतीइतकं. कापडाचे पैसे कोण देणार?

म्हणून टँकर आला की झाकण उघडायच्या आधी तीन गोष्टी. मागच्या खेपांत काय भरलं होतं आणि टँकर कुठे धुतला, याचा कागद मागा. मॅनहोल आणि व्हॉल्व्ह दोन्हीवरच्या सीलचे नंबर चलनाशी ताडून पाहा. आणि नमुना वरून वेगळा, तळातून वेगळा घ्या. धुतलेलं पाणी टँकरमध्ये तसंच राहिलं असेल तर वरचा नमुना पातळ निघतो. नमुना पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको, लाय काच खाते आणि काचेचं बूच असं बसतं की निघत नाही. तासभर ठेवून तळाशी तांबूस गाळ दिसतो का बघा. शंका असली तर मास्तर थोडी लाय हायड्रोक्लोरिकने आम्लधर्मी करून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाकतील : लालसर रंग आला म्हणजे लोखंड आहे. ऑर्डर देतानाच लोखंडाची कमाल मर्यादा लिहून घ्या. भारतीय मानक आयएस २५२ मध्ये कॉस्टिक सोड्याच्या ग्रेड आणि त्यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. नुसतं 'चांगला माल' लिहिण्यापेक्षा या मानकाचा क्रमांक लिहा. २०१८ मध्ये केंद्राने कॉस्टिक सोड्यासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. अशा आदेशांच्या याद्या अधूनमधून बदलतात, तेव्हा ऑर्डरच्या वेळी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

तीन बाटल्या भरा, सील करा, ड्रायव्हरची सही घ्या. एक तुमची, एक त्याची, एक तशीच कपाटात. माल वापरून संपेपर्यंत ती कपाटातली बाटली हलवू नका.

वजन

हे थोडक्यात. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं एकाच काट्यावर, तुमच्या माणसासमोर, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा. पुरवठादाराच्या काट्याची पावती ही माहिती, बिल नव्हे. भरलेल्या वजनाच्या वेळी कोण कोण केबिनमध्ये बसलंय, पाण्याचे कॅन किती आहेत, डिझेल किती आहे, हे पाहा. रिकाम्या वजनाला तीच माणसं, तेच कॅन. आमच्याकडे एक टँकर दर खेपेला दीड-दोनशे किलो जास्त भरायचा. तीन महिन्यांनी वॉचमनच्या लक्षात आलं की चालक रिकाम्या वजनाच्या आधी नेमाने गाडीखालच्या एका टाकीची तोटी उघडतो. त्या वॉचमनला आम्ही त्या दिवाळीला दोन पगार दिले.

तुमची टाकी

१५ हजार लिटरमध्ये २० टन मावतात. लाय पाण्याच्या दीडपट जड, म्हणजे २० टन लाय साधारण १३,३०० लिटर. आकाराची काळजी नको, पण दोन प्रश्न उरतात. एक, टाकीत आधीची लाय किती असेल? दोन हजार लिटर तळाशी राहिली असतील तर टँकर पूर्ण उतरणार नाही आणि उरलेल्या अर्ध्या टनासाठी ड्रायव्हर दिवसभराचं भाडं मागेल. दुसरा प्रश्न जास्त गंभीर : ती टाकी कशासाठी बनवली होती? पाण्यासाठी घेतलेली प्लॅस्टिकची टाकी असेल तर तिच्या भिंतीने आणि खालच्या चौथऱ्याने दीडपट वजन सोसायचंय. चौथऱ्यासाठी इंजिनिअरला बोलवा, टाकीसाठी बनवणाऱ्याला विचारा की ती १.५ घनतेच्या द्रवासाठी आहे का. भोवती सगळी टाकी फुटली तरी बाहेर जाणार नाही एवढा कठडा हवा. तुमच्याकडचं वाहून गेलेलं शेवटी पंचगंगेत जातं, आणि तिच्या नावाने आधीच काय चाललंय ते तुम्ही रोज वाचता.

थंडीचंही लक्षात घ्या. ५० टक्क्यांची लाय १२ ते १५ अंशांच्या दरम्यान खडे धरायला लागते. तुमच्याकडे जानेवारीच्या पहाटे उघड्यावरच्या पाईपमध्ये ती बसू शकते. ४७-४८ टक्क्यांचा माल त्या मानाने बरा.

आणि उतरवताना एक माणूस फक्त यासाठी उभा ठेवा की पाईप योग्य टाकीलाच जोडला जातोय. हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराईट, ब्लीचिंगचं द्रावण) टाकीत ॲसिड गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, मग भाव-बीव सगळं राहतं बाजूला. प्रत्येक टाकीच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली मास्तरांकडे, एवढी साधी युक्ती पुरते. गॉगल, हातमोजे, आणि जवळ वाहतं पाणी. डोळ्यात लाय गेली तर निदान पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि दवाखाना. व्हिनेगर-लिंबू असले उपाय नकोत. टँकरवर आपत्कालीन माहितीची पाटी आणि त्यावर यूएन १८२४ हा लायचा क्रमांक असला पाहिजे, चालकाकडे त्या मालाचं ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारा कागद) असलं पाहिजे. मोटार वाहन नियमांत हे सक्तीचं आहे. ज्याच्याकडे हेही नाही, त्याने सील नीट लावलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

शंभर टक्के आगाऊ

आगाऊ मागतो म्हणजे ठग, असं नाही. मोठे उत्पादक लहान ग्राहकाला उधारी देत नाहीत, पैसे जमा झाल्यावरच गाडी भरतात. पण तुमची पार्टी उत्पादक आहे का? तिचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. नोंदणी कधीची, चालू आहे का, पत्ता कुठला, व्यवसायाच्या यादीत कॉस्टिकचा एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), २८१५, आहे का. नोंदणी चार महिन्यांपूर्वीची आणि मालाच्या यादीत कापड-किराणा असेल तर मला पुढे काही विचारू नका. बँक खात्यावरचं नाव जीएसटीवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. 'मालकांच्या खात्यावर टाका, करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे', हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि तिन्ही वेळा शेवट सारखाच झाला.

त्यांनी पाठवलेलं सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या लेटरहेडवर असेल तर त्यातला बॅच नंबर घेऊन त्या कारखान्याला फोन करा. फोन नंबर त्या कागदावरचा नको, तुम्ही स्वतः शोधलेला. अशा कागदावरचं नाव-तारीख बदलायला आता पाच मिनिटं लागतात.

जुन्या ओळखीच्या पुरवठादाराकडून 'आमचं खातं बदललंय' असा ईमेल आला तरी हाच नियम : फोन, तोही जुन्या नंबरवर. आणि कधी पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवलं तर काही हाती लागतं, दोन दिवसांनी नाही.

तुम्ही नुसती मुद्दल गमावता असंही नाही. विक्रेत्याने कर भरला नाही, तुमचं बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत) दिसलं नाही, तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. बिल बनावट फर्मचं निघालं तर आधी घेतलेलं क्रेडिटही व्याजासकट परत मागतात. साडेअकरा टक्के स्वस्त मिळालेल्या मालावर १८ टक्के कर पदरचा भरायची पाळी येते.

तरीही या पार्टीला आजमावायची इच्छा असेल तर माझी अट सांगतो. पहिली खेप टँकरची नको, ड्रममध्ये दोन टन घ्या. टँकर घ्यायचाच तर गाडी भरल्यावर, सीलचे नंबर आणि ई-वे बिल हातात आल्यावर एक भाग, आणि उरलेला तुमच्या गेटवर वजन-टक्का झाल्यावर. ई-वे बिलावर माल कुठून निघाला तेही बघा : कोट एका कारखान्याचा आणि गाडी तिसऱ्याच गावच्या गोदामातून निघालेली, हे तिथेच कळतं. टक्का कमी निघाला तर त्या प्रमाणात बिल कमी, ४५ च्या खाली निघाला तर गाडी परत आणि भाडं त्यांचं, हे ऑर्डरमध्ये आधीच लिहा. माल उतरवून झाल्यावर केलेल्या वाटाघाटींना वाटाघाटी म्हणत नाहीत.

एजंटबद्दल

वडिलांच्या एजंटला इतक्यात सोडू नका. तो तुमच्यावर कमिशन खातो, खरंय. पण तुमच्या प्रश्नात नकळत एक गोष्ट उघड झाली : त्याने न विचारता ड्रायमध्ये भाव सांगितला. हिशेब न कळणाऱ्या नव्या मालकाला ॲज इज भाव सांगून फसवणं त्याला सोपं होतं. वडिलांना विचारा, वीस वर्षांत त्याने किती वेळा खराब ड्रम बदलून दिला. मग त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि दोन गोष्टी मागा : टँकरच्या खेपेला त्याचं कमिशन ड्रमएवढंच कशाला, आणि कारखान्याचं मूळ बिल बघायला मिळेल का. कॉस्टिकचा भाव एकट्या कॉस्टिकवर ठरत नाही. एकाच सेलमध्ये (मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात त्या भांड्यात) एक टन कॉस्टिकबरोबर जवळपास पावणेनऊशे किलो क्लोरीन निघतो, आणि क्लोरीन खपेना झाला की कारखाना सेल मंद करतो, मग कॉस्टिक महागतं. असा एजंट हा वारा तुमच्याआधी ओळखतो. 'पंधरा दिवस थांबा' हा सल्ला तो देईल, वेबसाईट देणार नाही.

जाता जाता, तुम्ही डाईंगही करता म्हणून. ग्लॉबर सॉल्टचे (डाईंगला लागणाऱ्या सोडियम सल्फेटचे) कोट घेताना खड्यांचं की निर्जल, हे विचारा. खड्याच्या ग्लॉबरमध्ये वजनाने ५६ टक्के पाणी असतं, निर्जलमध्ये जवळजवळ काही नाही. इथे कुणी लबाडी करत नाही, ती त्या पदार्थाची रचनाच आहे, पण किलोचे भाव शेजारी शेजारी ठेवून स्वस्त निवडणारे मी खूप पाहिलेत. आणि पेरॉक्साईड, हायड्रोज (सोडियम हायड्रोसल्फाईटची पावडर) या दोघांची स्वस्ताईत भरमार करू नका. पेरॉक्साईड उन्हाळ्यात पडून पडून उतरतं, त्याच्या झाकणाचं श्वासछिद्र कुणी 'गळतंय' म्हणून बंद केलं तर कार्बोय फुगून फुटतो. हायड्रोजच्या ड्रममध्ये ओल शिरली की तो तापतो आणि पेट घेतो. ही दोन्ही महिन्याच्या गरजेपुरतीच.

राहिले तुमचे नऊ कार्बोय. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम, पण दिवाळीनंतरचा माल आता तो घेईल असं वाटत नाही. फेकूही नका, पाणी घातलेलं ॲसिड पाणी घातलेलंच असतं, वाईट नसतं. प्रत्येक कार्बोयचं वेगळं टायट्रेशन करा, सगळे सारखे असतीलच असं नाही. वीस मिलि लागले म्हणजे ८० टक्के : मास्तर जिथे एक किलो घालत होते तिथे सव्वा किलो घालतील. आधी एका वाटीभर ॲसिडात थायोसायनेट टाकून लोखंड तेवढं बघून घ्या. मग प्रत्येक कार्बोयवर सापडलेला टक्का ऑईलपेंटने लिहा. खडूने लिहिलेला पहिल्या पाण्यात पुसतो आणि नवा, खरा ग्लेशियल आला की कुणीतरी त्यालाही सव्वा किलोचाच डोस लावतो.